एका कागदावर घरकाम, दुसऱ्यावर पत्रकार : महाराष्ट्राच्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि गेली सतरा वर्षं एका दैनिकाला बातम्या पाठवते. सुरुवातीला कागदावर लिहून पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, मग फॅक्स आला, मग सायबर कॅफेतून ईमेल आणि आता व्हॉट्सॲपवर अंगठ्याने टाइप करून. पेपरचं नाव लिहीत नाही, पोलीस ठाण्याचंही नाही, कारण हे पत्र कुणा एका माणसाला अडकवायला लिहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर उद्या सकाळी क्राइमची बातमी घ्यायला मला त्याच ठाण्याची पायरी चढायची आहे.

माझ्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कागद आहेत, दोन्ही एकाच ठाण्याचे, दोन्हींमध्ये साडेतीन महिन्यांचं अंतर. एका कागदावर माझ्या नावापुढे लिहिलंय, "वय ४५ वर्षे, धंदा घरकाम". दुसऱ्यावर लिहिलंय, "वय ४५ वर्षे, धंदा पत्रकार". वय तेवढं बरोबर आहे.

तर हे कसं झालं ते सांगते, जरा लांबण लागेल पण ऐकून घ्या.

आमच्या खाडीत रात्री सक्शन पंप लावून वाळू काढतात, हे काही गुपित नाही, आवाज अर्ध्या गावाला ऐकू येतो. मी त्याची बातमी केली, फोटोसकट, नंबरप्लेटवर चिखल फासलेला डंपर पहाटे पावणेपाचला पुलावरून जातानाचा फोटो. बातमी आतल्या पानावर आली, चार कॉलम, फोटो छोटा. आठवड्याने दोघं जण घरी आले. ओटीवर बसले, पाणी मागितलं, मी चहा पण केला कारण आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा न देता पाठवत नाहीत. अर्धा कप संपल्यावर एक म्हणाला, "वहिनी, तुमच्या घरचा चहा प्यायलोय म्हणून सांगतो, तुमचा पोरगा सकाळी साडेसहाच्या गाडीने जातो ना कॉलेजला, स्टँडवर एकटाच उभा असतो." एवढंच. ना शिवी, ना आवाज चढवला. कप विसळायला स्वतःहून मोरीपर्यंत घेऊन गेला, ते मला अजून आठवतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या स्कूटरची सीट ब्लेडने उभी आडवी फाडलेली आणि पुढची लाइट फोडलेली. मी ठाण्यात गेले. जाताना २०१७ चा कायदा प्रिंट काढून नेला, तुम्हीच केलेला, प्रसारमाध्यमातल्या व्यक्ती आणि संस्थांवरचे हल्ले रोखायचा. त्या कायद्यात पत्रकाराला इजा करणं, त्याच्या मालमत्तेचं नुकसान करणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, शिवाय नुकसानभरपाई. ठाणे अंमलदारांनी प्रिंट हातात घेतला, उलटा करून मागे काही लिहिलंय का बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, हा मुंबईचा असेल." वाईट माणूस नव्हे तो. खरंच माहीत नव्हतं त्याला. मग साहेब आले, त्यांना माहीत होतं, त्यांनी विचारलं, "पेपरचं नेमणूकपत्र आहे का?"

इथेच सगळं अडलं. मी जिल्हा कार्यालयाला फोन लावला. तिकडून उत्तर, "ताई, तुम्ही रोलवर नाही, लेटर नाही देता येत, मुंबई ऑफिस परवानगी देत नाही, पण बातमी जरूर पाठवा, पहिल्या पानावर घेऊ." सतरा वर्षं माझ्या नावाने बातम्या छापल्या, दिवाळी पुरवणीला जाहिरातीचं टार्गेट दिलं, वर्धापनदिनाला स्मृतिचिन्ह दिलं (सूर्यफूल आहे त्यावर, का ते माहीत नाही), पण मी त्यांची कोण, हे एका ओळीत लिहून द्यायची वेळ आली तेव्हा कुणीच नाही. मग ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली, एनसी, सीट फाडली आणि लाइट फोडली एवढीच, ओटीवरच्या चहाचा उल्लेखच नाही. आणि धंदा घरकाम. मी म्हटलं, अहो मी बातमीदार आहे. तर म्हणाले, "पुरावा कुठाय?" माझ्या पिशवीत त्या दिवशीचा अंक होता, माझ्या नावासकट. त्याला पुरावा म्हणत नाहीत म्हणे.

साडेतीन महिन्यांनी गावच्या बायकांनी डंपर अडवले. रस्त्याची चाळण झालेली, पोरं शाळेत जाताना चिखलात पडत होती. मी तिथे गेले आणि फोनवरून लाइव्ह केलं, तेवीस मिनिटांचं, त्यात निम्मा वेळ एक आजी तलाठ्याला ओरडत होती. तिसऱ्या दिवशी नोटीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८, जुन्या लोकांना १४९ ची नोटीस म्हटलं की कळेल. "आपण पत्रकार असून आपल्या प्रसारणामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही", आणि पुढे असं काही झालं तर ही नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. ती घेऊन आलेला शिपाई माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा. मान खाली घालून म्हणाला, "काकू, सही करा ना, माझी ड्युटी आहे." केली सही.

म्हणजे संरक्षण मागायला गेले तेव्हा मी घरकाम करणारी बाई आणि दम द्यायचा होता तेव्हा पत्रकार. त्या वेळी कुणी नेमणूकपत्र मागितलं नाही हो.

तुम्ही म्हणाल हे एका तालुक्यातलं किरकोळ प्रकरण आहे, आमदारांनी काय काय बघायचं. पण मी हे पत्र माझ्या सीटसाठी लिहीत नाहीये, ती मी साडेसातशे रुपयांत शिवून घेतली.

६ फेब्रुवारी २०२३ ला आमच्याच जिल्ह्यात, राजापूरला, मुंबई-गोवा हायवेवर पेट्रोल पंपाजवळ शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला थार गाडीने उडवलं आणि फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या हॉस्पिटलात ते गेले. ४८ वर्षांचे होते. तिथे होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या विरोधातल्या गावांच्या बातम्या ते 'महानगरी टाइम्स'साठी सातत्याने करायचे. ज्या दिवशी गाडी अंगावर आली त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती, रिफायनरीच्या बाजूने फिरणाऱ्या एका जमीन व्यावसायिकाचे फोटो बड्या नेत्यांसोबत बॅनरवर कसे झळकतायत म्हणून, आणि गाडी त्याच माणसाची आणि तोच चालवत होता असा पोलिसांचा आरोप आहे. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं होतं, राज्यभर ओरड झाली तेव्हा खुनाचं लागलं, एसआयटी नेमली, सरकारने कुटुंबाला २५ लाखांची मदत जाहीर केली. मी वारिशेंना ओळखत नव्हते. पण ती बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आला तो हा की हा माणूस रात्री बातमी पाठवून झोपला असेल, सकाळी अंक आला का ते बघितलं असेल, किती कॉलम लागली ते मोजलं असेल. आम्ही सगळे तेच करतो. आम्हा तालुक्यातल्या पत्रकारांनी तहसीलदारांना निवेदन दिलं, काळ्या फिती लावल्या, फोटो काढला, आणि तो फोटो पण आम्हीच आपापल्या पेपरला पाठवला.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत त्याच रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती परीक्षणाचं ड्रिलिंग सुरू झालं, एप्रिलच्या उन्हात बायका रस्त्यावर आडव्या पडल्या, जमावबंदी, अश्रुधूर, लाठ्या, हे तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. ज्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत आणि ज्याच्या खाली लोकांच्या काजू-आंब्याच्या बागा आहेत, तिथे काय होतंय हे शेवटपर्यंत सांगत राहणारे कोण? मोठ्या चॅनेलच्या गाड्या चार दिवस आल्या आणि गेल्या. उरला तो तिथलाच, बिननेमणुकीचा.

आणि हे फक्त कोकणात नाही. छत्तीसगडमध्ये विजापूरचा मुकेश चंद्राकर, स्वतःचं 'बस्तर जंक्शन' नावाचं यूट्यूब चॅनेल चालवायचा, चॅनेलवाल्यांना बातम्याही द्यायचा. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी बाहेर आली आणि १ जानेवारी २०२५ ला तो गायब झाला. ३ तारखेला एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये मृतदेह सापडला, वरून ताजं काँक्रीट ओतलेलं. छत्तीसगडने २०२३ मध्ये पत्रकार सुरक्षेचा कायदा मंजूर केलेला होता, बरं का. आपल्यानंतर त्यांनी केला. कायदा पुस्तकात होता आणि मुकेश टाकीत.

त्याच बस्तरमधला दुसरा एक, संतोष यादव, तोही माझ्यासारखाच, वेगवेगळ्या पेपरांना बातम्या देणारा. २०१५ मध्ये पकडला, नक्षलवाद्यांना मदत करतो म्हणून, यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कारवाया रोखायचा केंद्राचा कायदा, आणि शिवाय छत्तीसगडचा विशेष जनसुरक्षा कायदा. हे पत्रकारच नाहीत, असंही तेव्हा सांगितलं गेलं. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये जामीन दिला आणि २०२० मध्ये तो निर्दोष सुटला. दीड वर्ष तुरुंग, मग तीन वर्षं तारखा. त्याची ती वर्षं कोण भरून देणार, हा प्रश्न मी विचारत नाही कारण त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मी विचारते ते वेगळंच, की त्या कायद्याचं नाव वाचून तुम्हाला काही आठवलं का?

१० जुलै २०२५ ला तुम्ही विधानसभेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलंत. डहाणूचे एक आमदार सोडले तर विरोधात मत कुणी नोंदवलं नाही. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही झालं. त्याआधी संयुक्त समितीकडे लोकांच्या बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या होत्या, त्यात माझीही एक होती, दीड पानाची. समितीने काही बदल केले, ते मी नाकारत नाही, "व्यक्ती आणि संघटना" काढून कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम संघटना असं केलं, तपास उपअधीक्षकाकडे दिला. मुख्यमंत्र्यांनी गैरवापर होणार नाही असं सभागृहात सांगितलं. पण बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत शब्दाने, लिहून, खुणेने किंवा दृश्य स्वरूपात केलेली गोष्ट येते, आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही येतं. आता मला सांगा, जमावबंदी असताना बायका डंपरसमोर बसल्या ही अवज्ञा झाली का? मी त्याचं तेवीस मिनिटं लाइव्ह केलं, त्यातल्या आजीला लोकांनी शाबास म्हणून कमेंट केल्या, हे दृश्य स्वरूपातलं प्रोत्साहन झालं का? तुम्ही म्हणाल, छे, काहीतरीच काय ताई. पण हे ठरवणार कोण, तर ज्यांना २०१७ चा कायदा मुंबईचा वाटतो ते. तुम्ही सभागृहात काय बोललात ते ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही हो, तिथे कलम पोचतं. तेही एक पोचतं आणि दुसरं नाही.

आता बाहेरच्या देशातलं सांगते. रात्री पान लागल्याचा मेसेज येईपर्यंत जागंच राहावं लागतं, तेव्हा फोनवर हेच वाचत बसते. नवरा म्हणतो, डोकं फिरवून घेशील. न्यूयॉर्कला कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स नावाची संस्था आहे, ती दरवर्षी १ डिसेंबरला जगभरच्या तुरुंगात किती पत्रकार आहेत ते मोजते. २०२४ च्या मोजणीत ३६१ निघाले. चीनमध्ये ५०, इस्रायलच्या ताब्यात ४३, म्यानमारमध्ये ३५. मला आपलं वाटतं की या यादीतही धंदा घरकाम वाले काही सुटले असतील.

इराणची पत्रकार नीलोफर हमेदी माझ्या डोक्यातून जात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी नावाची मुलगी हिजाब नीट नाही म्हणून पोलिसांनी पकडली आणि ती गेली, तेव्हा नीलोफरने हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये एकमेकांना धरून उभ्या असलेल्या महसाच्या घरच्यांचा फोटो टाकला. एक फोटो. दुसरी पत्रकार एलाहे मोहम्मदी महसाच्या गावी अंत्यविधीची बातमी करायला गेली. दोघींना काही दिवसांत पकडलं, आणि जामिनावर बाहेर यायला जानेवारी २०२४ उजाडला. मी पण पॅसेजमध्ये उभी राहिलेय हो, सरकारी दवाखान्याच्या, बोट उलटली तेव्हा, आणि नातेवाइकांचा फोटो काढू की नको या विचारात पाच मिनिटं घालवली आहेत. शेवटी नाही काढला. तो निर्णय माझा होता, कुठल्या सरकारचा नाही, एवढाच फरक आणि तोच सगळा फरक.

आणि एक माल्टाचं, हे तुम्ही नक्की वाचा कारण ते तुमच्याबद्दल आहे. छोटासा देश, आमच्या जिल्ह्यात कितीतरी वेळा मावेल. तिथे डॅफ्ने कारुआना गॅलिझिया मंत्र्यांचे पैसे कुठे जातात ते लिहायची. १६ ऑक्टोबर २०१७ ला तिच्या गाडीत बॉम्ब फुटला. कुटुंबाने लढून सार्वजनिक चौकशी लावून घेतली, आणि २०२१ मध्ये त्या चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की सरकारने हिच्या मृत्यूची जबाबदारी घेतली पाहिजे. बॉम्ब सरकारने ठेवला असं नाही म्हटलं त्यांनी. म्हटलं ते असं की कुणी काहीही केलं तरी आपलं काही वाकडं होत नाही असं वातावरण सरकारने तयार होऊ दिलं. माझ्या ओटीवर बसून चहा पिणाऱ्या माणसाच्या आवाजात जो निवांतपणा होता ना, तेच ते वातावरण.

आता माझ्या तक्रारी एकेक करून लिहिते, काही वर येऊन गेल्यात त्या परत उगाळत नाही.

पहिली तक्रार कायद्यातल्या व्याख्येची. ७ एप्रिल २०१७ ला तुम्ही कायदा मंजूर केलात, असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून आपली पाठ थोपटली गेली, राष्ट्रपतींची सही होऊन अंमलात यायला २०१९ उजाडलं. त्यात पत्रकार कोण तर ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यम संस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरीत आहे तो. आता तालुक्यात या आणि असा एक माणूस दाखवा. आमच्याकडे बातमीदार म्हणजे कुणी झेरॉक्सवाला, कुणी एलआयसी एजंट, कुणी शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, कुणी माझ्यासारखी जिच्या नवऱ्याची पिठाची गिरण आहे. मानधन दीड हजार, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम, बाकी जाहिरातीवरचं कमिशन. मुख्य व्यवसाय पत्रकारिता ठेवला तर उपाशी मरू. म्हणजे ज्याच्या अंगावर गाडी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमका तोच कागदावर बाहेर.

दुसरी. तक्रार खोटी निघाली तर पत्रकाराला पण तीन वर्षांपर्यंत शिक्षा, असं त्याच कायद्यात आहे. गैरवापर होऊ नये हे मान्य, आमच्यातही हप्ते घेणारे आहेत, यूट्यूबचा माइक घेऊन ग्रामसेवकाला घाबरवणारे आहेत, मी नावानिशी ओळखते. पण तपास नीट न करता "तथ्य आढळले नाही" लिहिलं की आरोपी मीच, ही भीती दाखवून किती जणांना ठाण्यातूनच परत पाठवलं असेल.

तिसरी नोटिसांची. नोटीस द्यायला कारण लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही, तिच्यावर अपील कुठे करायचं ते कुणी सांगत नाही. गुन्हा नाही, खटला नाही, नुसता एक कागद, पण घरात त्या कागदाने काय होतं माहितेय? माझ्या सासूबाईंनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता दोन दिवस, साकडं घातलं. आणि नोटिशीने भागलं नाही तर मग सरकारी कामात अडथळा, पूर्वीचं ३५३ आताचं १३२, नाहीतर खंडणी. पत्रकारावर खंडणीचा गुन्हा म्हटला की लोक लगेच विश्वास ठेवतात, वर लिहिलंच आहे का ते.

चौथी मालकांबद्दल आहे आणि ती तुमच्याकडे का, तर सरकारी जाहिराती तुम्ही देता म्हणून.

पाचवी ६ जानेवारीची. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये त्या दिवशी 'दर्पण' काढलं म्हणून आपण पत्रकार दिन करतो. जांभेकर पोंभुर्ल्याचे, देवगड तालुका, म्हणजे आमच्या शेजारचे. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी येतं, शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, लोकशाहीचा चौथा स्तंभ. यंदा मलाही शाल मिळाली. व्यासपीठावरून माझं नाव पुकारलं ते "ज्येष्ठ पत्रकार" म्हणून. पुकारणाऱ्यांना मी तेव्हाच विचारायला हवं होतं की हे जरा लेटरहेडवर द्याल का. टिळक पण आमच्याच रत्नागिरीत जन्मले, 'केसरी'तल्या लिखाणासाठी इंग्रजांनी त्यांना १८९७ मध्ये दीड वर्ष आणि १९०८ मध्ये सहा वर्षं शिक्षा दिली, पण तुम्ही पत्रकार आहात याचा पुरावा आणा असं त्यांनाही कुणी म्हणाल्याचं मी वाचलेलं नाही.

मागण्या साध्या आहेत.

२०१७ च्या कायद्यातली पत्रकाराची व्याख्या बदला. गेल्या वर्षभरात ज्याच्या नावाने ठरावीक बातम्या छापून किंवा प्रसारित झाल्या आहेत, पेपर असो, पोर्टल असो, स्वतःचं चॅनेल असो, तो पत्रकार, नेमणूकपत्र असो नसो. छापलेला अंक हाच पुरावा धरा. सहा ओळींची दुरुस्ती आहे, आवाजी मतदानाने होईल.

प्रत्येक पोलीस ठाण्यात हा कायदा मराठीत, भिंतीवर, जिथे हरवले-सापडलेचे फोटो लावतात तिथे लावा. आणि दर अधिवेशनात गृहखात्याने जिल्हावार तक्ता सभागृहात ठेवावा, तक्रारी किती आल्या, गुन्हे या कायद्याखाली किती नोंदले, किती एनसीवर भागवले, आरोपपत्र किती, शिक्षा किती. तुम्ही तारांकित प्रश्न विचारता ना, रस्त्याचे आणि बदल्यांचे, एक हा विचारा.

प्रसिद्ध झालेल्या बातमीवरून किंवा वार्तांकनावरून पत्रकाराला नोटीस द्यायची किंवा गुन्हा दाखल करायचा असेल तर उपअधीक्षकाने लेखी कारण देऊन मगच. आम्हाला मारणाऱ्याचा तपास जर त्या दर्जाचा अधिकारी करणार असेल तर आम्हाला दम देणाराही त्याच दर्जाचा असू दे.

जनसुरक्षा कायदा मागे घ्या असंच माझं म्हणणं आहे, अर्ध्यावर तडजोड नको. पण तेवढी हिंमत नसेल तर निदान वार्तांकन, टीका, कला आणि शांततामय आंदोलन हे बेकायदेशीर कृत्य नाही असं एक वाक्य व्याख्येतच घाला, भाषणात नको.

ज्या दैनिकांना सरकारी जाहिराती मिळतात त्यांनी आपल्या प्रत्येक वार्ताहराला लेखी पत्र आणि अपघात विमा दिलाच पाहिजे अशी अट जाहिरातीच्या धोरणात टाका. मालक ओरडतील. ओरडू दे.

हे पत्र मी माझ्या पेपरला पाठवणार नाही, छापणार नाहीत ते, आणि त्यांची अडचण मला कळते. म्हणून असंच सगळ्यांसमोर ठेवतेय. उत्तर आलं तर तेही असंच ठेवीन, जसंच्या तसं.

माझ्या मुलाने आता कॉलेजला जायची वेळ बदललीय, पावणेआठच्या गाडीने जातो, तेव्हा स्टँडवर गर्दी असते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक तालुका वार्ताहर, रत्नागिरी जिल्हा
धंदा : आपण ठरवून कळवावा

ता. क. : आपल्यापैकी आमच्या भागातल्या एका सदस्यांचा पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे. अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात मागायला पेपरने मलाच पाठवायचं ठरवलंय, टार्गेट चाळीस हजार. तेव्हा भेट होईलच.